मूठभर लवकीचं बी

सव्विसाव्या वेलाला कडू लागलं.

आमच्या कामात लवकी डोळ्यांनी पाहून भागत नाही. विळ्यानं देठाकडची चकती काढायची, जिभेवर ठेवायची, दाताखाली दाबायची आणि थुंकायची. मग पुढचा वेल. पुण्याकडे जिला दुधी म्हणतात ती आमच्याकडे लवकी. सकाळपासून मी पंचवीस वेल असे चाखले होते. सगळे गोड. चाखता चाखता, येत्या रविवारी बायकांपुढे काय बोलायचं, त्याची मनात जुळवाजुळवही चालली होती. सव्विसाव्या चकतीला जीभच आखडली. कारल्याचं कडू खाता येतं. हे कडू घशात जाऊन बसतं आणि पाण्यानंही जात नाही. मी थुंकले, पुन्हा थुंकले, पदराच्या टोकानं जीभ पुसली. मग त्याच वेलाचं दुसरं फळ तोडलं, कारण माणूस आधी स्वतःलाच फसवून बघतो. तेही कडू.

अवं माय! मी वावरात मटकन खाली बसले.

बसून चालणार नव्हतं. दुपारपर्यंत ऐंशीच्या ऐंशी वेल चाखले. सात कडू निघाले. जीभ बधिर झाली होती, तोंडाला पाणी सुटत होतं. रविवारला सहा दिवस होते. त्या दिवशी आसपासच्या गावांतून तीस-पस्तीस बायका आमच्या वावरात येणार होत्या आणि मी सहा वर्षं खपून काढलेल्या या लवकीचं बी त्यांच्या हातात देणार होते. बियाच्या बरणीतून पाकिटं भरून घरी टोपलीत ठेवली होती, आणि हे ऐंशी वेल त्याच बरणीतल्या बियाचे होते.

कडू लवकी म्हणजे नुसती चव बिघडली असं नसतं. मोताळ्याला एक गुरुजी शुगरसाठी रोज सकाळी लवकीचा रस घ्यायचे. एक दिवस रस कडू लागला. औषधच आहे म्हणून नाक दाबून पिऊन टाकला, आणि चार दिवस दवाखान्यात रक्ताच्या उलट्या करत पडले. वाचले म्हणायचं. माझ्या पाकिटातून असलं एक बी जरी कोणाच्या घरात गेलं असतं, तर मला कोणाच्या दारात उभं राहायला तोंड उरलं नसतं.

हे सगळं मी कशासाठी करत होते ते सांगायला हवं, नाहीतर वाटेल बाईला काही उद्योग नव्हता. मी बारा वर्षं एका बियाण्याच्या कंपनीच्या शेडनेटमध्ये काम केलं. हातात चिमटा, गळ्यात दोऱ्याचं रीळ, आणि दिवसभर या फुलाचा पराग त्या फुलाला. वाण कसा तयार होतो ते मी तिथंच शिकले. एकदा काढणीनंतर खाली सांडलेलं मूठभर बी मी साहेबांकडे मागितलं. ते म्हणाले, "बाई, हे घरी नेलं तर चोरी होते." ज्या फुलांना मी हातानं लेकरं दिली, त्यांचं सांडलेलं बी माझ्यासाठी चोरी! मी तापट. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग बसलेलाच असतो. त्याच महिन्यात काम सोडलं, धामणगाव बढ्याजवळच्या आमच्या वावरात आले आणि ठरवलं की एक तरी भाजी अशी काढायची, जी कोणाच्याही बापाची नसेल.

याला खुलं बियाणं म्हणतात. बी देताना सोबत एक चिठ्ठी द्यायची. हे लावा, खा, वाटा, यातून आणखी नवं काढा. अट एकच, यावर किंवा यातून काढलेल्यावर कोणी मालकी सांगायची नाही. बाकी कुलूप नाही, शिक्का नाही. म्हणून तर सगळा भार शब्दावर असतो. कंपनीचं बी फसलं तर माणूस कंपनीला शिव्या देतो. माझं फसलं असतं तर लोक म्हणाले असते, फुकटचं ते असंच असते.

माझ्या लवकीची पहिली आई मावशीकडची. मावशी म्हणजे आमच्या शेजारच्या वावराची मालकीण. तिचा आणि आमचा धुरा एकच, म्हणजे एका बांधाच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती. माझ्या सख्ख्या नात्यातली नाही, पण लग्न होऊन आले त्या वर्षापासून ती मावशीच. तिच्या गोठ्यावर एक जुना वेल चढायचा. पाणी नाही, खत नाही, तरी दिवाळीपर्यंत बुटक्या, जाड सालीच्या लवक्या द्यायचा. दुसरी आई मोताळ्याच्या बाजारात मिळाली. लांब, कोवळी, लोण्यासारखी शिजणारी, पण दोन दिवस पाणी चुकलं की मान टाकणारी. मी दोघींची सोयरीक लावली.

लवकीचं फूल दिवस कलताना उमलतं. म्हणून उमलायच्या आधी, दुपारीच नर कळी आणि मादी कळी दोऱ्यानं बांधून ठेवायची, म्हणजे कोणी भुंगा-पतंग शिरत नाही. ऊन उतरलं की दोन्ही सोडायच्या, नराचा पराग मादीला लावायचा आणि मादीला पुन्हा बांधून देठाला लाल दोरा अडकवायचा. पहिल्या वर्षीची लेकरं सगळी सारखी दिसली. दुसऱ्या वर्षी मात्र एका घरात शंभर तोंडाची माणसं जन्मावी तसं झालं. लांब, बुटकी, वाकडी, भोपळ्यासारखी. त्यातून निवडायचं. मी मुद्दाम श्रावणात उशिरा लावायचे आणि पाऊस गेला की पाणी तोडायचे. जे वेल तगले, ज्यांचं फळ कोवळं राहिलं, तेवढ्यांचंच बी ठेवायचं. बाकीचे उपटायचे. माझे मालक दर वर्षी म्हणायचे, "अवं, चांगले वेल उपटून राह्यली तू." मी म्हणायचे, चांगले नाही, सगळ्यात चांगले पाहिजेत. अशी सहा वर्षं गेली, आणि सहाव्या वर्षी सगळ्या वेलांची फळं एकमेकींच्या तोंडासारखी निघाली. वाण तयार झाला. मी जुनं-नवं सगळं शुद्ध बी एका बरणीत भरलं, आणि तिथंच माझी अक्कल गहाण पडली. एक मूठ वेगळी बाजूला ठेवावी हे बारा वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली बाई मी. पाकिटं जास्त व्हावीत म्हणून वेगळं काही ठेवलंच नाही.

तर आता त्या बरणीच्या बियात कडू कुठून आलं?

मी घरी गेले आणि आधी मालकांवर तुटून पडले. "गेल्या साली तुमी फुलं बांधली नसतील! कंटाळा केला असन!" ते हातातली भाकर तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिले. मग मीच थांबले, कारण हिशेब जुळत नव्हता. एखाद्या फुलात पतंग शिरला असता तर कडू एकाच फळाच्या बियात आलं असतं. गेल्या वर्षीच्या प्रत्येक फळाचं एकेक बी मी चाखणीसाठी वेगळं लावून पाहिलं होतं, सगळं गोड होतं. म्हणजे शेतात काही झालं नव्हतं. जे झालं ते बरणीत झालं होतं.

"या बरणीत कोणी हात घातला?" मी विचारलं.

मालकांनी भाकर ताटात ठेवली. मग म्हणाले, "वैशाखात तू मावशीले डब्यात थोडं बी देलं होतं न. पंधरा दिवसानं तिनं डबा वापस आणून देला. तू माहेरी होती. डब्यात बी होतं. मले वाटलं, उरलेलं वापस केलं. म्या बरणीत ओतलं."

मावशीनं उरलेलं परत केलं नसणार, हे मला त्याच क्षणी कळलं. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. वरणाची वाटी गेली तर तीत साखर येते, साखर नसली तर चार दाणे ज्वारीचे, अगदीच काही नसलं तर मिठाचा खडा. रिकामं भांडं देणं म्हणजे आपलं-तुपलं संपलं असं सांगणं. मी स्वतः जन्मभर हेच करत आले आहे.

मी चप्पल न घालताच धुरा ओलांडला.

मावशी गोठ्यात शेण काढत होती. मला पाहून हसली. "काऊन व, एवढ्या उन्हाची?"

"मावशी, वैशाखात डबा वापस देला तवा त्यात काय टाकलं होतं?"

"मंग? रिकामा देऊ का तुले?" तिला ते विचारण्यासारखंच वाटलं नाही. "बी नेलं होतं त् बीच टाकलं. माह्या वेलाचं, मूठभर. चांगलं टपोरं होतं."

मी मान वर केली. गोठ्याच्या एका कोपऱ्यावर तिच्या लवकीचा वेल होता. दुसऱ्या कोपऱ्यावर तुंब्याचा. तुंबा म्हणजे कडू भोपळा. तो वाळवून, पोखरून त्यात बी ठेवतात, कीड लागत नाही. मावशीनं गेल्या सालीच तो लावला होता आणि मीच तिला म्हटलं होतं की मलाही एक वाळवून दे. दोन वेलांच्या मध्ये दहा हातांचं छप्पर. रोज दिवस कलताना पतंग या फुलावरून त्या फुलावर जात असणार. मावशीच्या लवकीचं फळ गोडच निघालं, कारण फळ आईच्या चवीचं असतं. पण आतलं बी बापाचं कडू घेऊन बसलं, आणि ते बी पेरलं की पुढचा वेल कडू. मावशीनं त्या वेलाच्या लवक्या घरभर खाऊ घातल्या होत्या. तिला कळायचं काही कारणच नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी ओरडले.

"सहा साल, मावशी! सहा साल तू मूठभर बियानं बुडवले! कोणं सांगतलं होतं तुले टाकाले? रिकामा द्यायचा होता डबा! रिकामा!"

तिची सून दारात येऊन उभी राहिली. मावशीच्या हातात शेणाचा पो तसाच होता.

"रिकामं भांडं कसं देऊ बाई," ती पुटपुटली.

"अन् मी देलेलं बी? ते तरी हाय का?"

"थोडं लावलं गोठ्यामांगं, ते ढोराइनं खाल्लं. बाकीचं लेकीले देलं. लोणारले."

"कोणालेच देऊ नको म्हणून सांगतलं होतं न तुले! मी म्हणीन तवाच द्यायचं म्हटलं होतं!"

"पोटच्या पोरीनं मांगतलं त् नाही म्हणू का?" ती म्हणाली. मी ऐकायला थांबले नाही. तुले सांगून फायदाच नाही, असं काहीतरी बोलून परत फिरले.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते आजही मला नीट सांगता येत नाही, तरी सांगते. विळा घेतला आणि मांडवावरचे ऐंशीच्या ऐंशी वेल बुडातून कापले. गोड, कडू, सगळे. मग घरात आले, चूल पेटवली, पाकिटं फोडून बी चुलीत ओतलं. वर बरणी उपडी केली. बी तडतड उडायला लागलं. मालक माझा हात धरून म्हणत होते, "थांब व. उद्याले पाहू." मी म्हणाले, "उद्याले काय गोड होणार हाय का ते?" कडू बी घरात ठेवायचं नाही, कोणाच्या हाती चुकून लागायला नको, असं मी मोठ्यानं बोलत होते. खरं सांगायचं तर तेव्हा मला कोणाचीच काळजी नव्हती. मला फक्त राग आला होता.

सकाळी मालकांनी चहाचा कप पुढे ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं, "कडू वेल तेवढे उपटले असते, बाकी वेलाइची फुलं बांधली असती, त् चांगलं बी निघालं असतं न?"

ते टोमणा मारत नव्हते. हे मीच त्यांना शिकवलं होतं. कडूपणा लवकीत लपून बसत नाही. जो वेल गोड तो गोडच, त्याचं फूल त्याच्याच परागानं बांधलं की बी गोडच निघतं. मावशीच्या बियाचे इतर वेल फळाच्या आकारावरून ओळखता आले असते. वर्ष गेलं असतं, वाण गेला नसता. बरणी ठेवली असती तरी पुढच्या साली चाखून चाखून निवडता आलं असतं. मावशीच्या मुठीनं सहा वर्षं बुडाली नव्हती. ती मी माझ्या हातानं चुलीत घातली होती.

कपातला चहा निवून गेला. मग एकाएकी मला ते आठवलं. बाकीचं लेकीले देलं. लोणारले.

ते बी भेसळ होण्याच्या आधी बरणीतून काढलेलं होतं. जगात त्या लवकीचं शुद्ध बी आता एकाच घरात असू शकत होतं, आणि तेही मी 'कोणाला देऊ नको' म्हटलेलं कोणी मानलं नाही म्हणून. खुलं बियाणं म्हणून मिरवणारी मी. माझ्या बियाला पहिलं कुलूप मीच घातलं होतं. लेकीनं ते पावसाळ्यात लावलं असेल तर मात्र सगळं संपलं होतं. फुलं कोण बांधणार तिथं?

मी पुन्हा धुरा ओलांडला. बी मागायच्या आधी माफी मागावी लागणार होती, आणि माफी मागायची मला सवय नाही. गोठ्यात सून एकटीच होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सासूबाई नाहीत. पहिल्या गाडीनं लोणारले गेल्या. काल जेवल्या नाही."

"काही सांगून गेल्या?"

"काई नाई."

मोताळ्याहून बुलडाणा, तिथून मेहकर, मेहकरहून लोणार. तीन एसट्या बदलायच्या. गुडघे धरलेली बाई. रुसून लेकीकडे गेली असं सून समजत होती, आणि मलाही तेच वाटलं. सुनेनं तिच्या नणंदेचा नंबर दिला. मी घरी येऊन फोन हातात घेतला आणि ठेवला. दुपारी पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. मालक म्हणाले, "लाव न व फोन." मी त्यांच्यावरच खेकसले. लेक "लावलं न वहिनी, मस्त वेल आला" असं म्हणाली तर पुढे काय करायचं, याची मला धास्ती होती. जोवर विचारत नव्हते तोवर बी होतं.

दसरा त्यातच गेला. लोक सोनं द्यायला आले, मी आपट्याची पानं घेत होते आणि कान रस्त्याकडे. मांडवाखाली कापलेले वेल सुकून काळे पडले होते. दुसऱ्या दिवशीही मावशी आली नाही. रविवारच्या बायकांना निरोप धाडावा की नाही हेही ठरेना. "बी नाही" म्हणून सांगायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर कोणाचं नाव घ्यायचं? जेवण जात नव्हतं. जिभेवर तीच कडू चव होती, की मला तसं वाटत होतं, कोण जाणे.

शेवटी शनिवारी दुपारी मावशी अंगणात येऊन उभी राहिली. एसटीतून उतरून घरी न जाताच आली होती. हातात पिशवी होती. मी "आत ये" म्हटलं. ती आली नाही. पदराची गाठ दातांनी सोडवली, माझा हात ओढून घेतला आणि तळहातावर बी ओतलं.

"पोरीनं लावलं नव्हतं," ती म्हणाली. "तिच्याकडं कुपाटी नव्हती, वेल कशावर चढवीन? तुंब्यात घालून ठेवलं होतं. आता जेवढं होतं तेवढं आणलं. दसऱ्याचं पोरीनं निघू देलं नाही."

मी मोजलं. सत्तावीस. मोजता मोजता दोन बिया खाली पडल्या आणि आम्ही दोघींनी वाकून त्या शोधल्या.

"दुसरं काई नाई टाकलं त्यात," मावशी म्हणाली.

मला वाटलं, जमीन फाटावी. ती रुसून गेली नव्हती. मी ओरडत होते त्याच वेळी तिला समजलं होतं की चांगलं बी आता कुठं उरलं आहे. आणि मी वेल कापत होते, चूल पेटवत होते, तेव्हा ती पहिल्या गाडीची वाट पाहत जागी होती. मी म्हणाले, "मावशी, चुकलं माहं." ती म्हणाली, "राहू दे ते. बी सांभाळ." चहा घेतला नाही. गुडघ्यावर हात ठेवत धुऱ्यावरून गेली.

रविवारी बायका आल्या. मी मांडवाजवळ उभी राहिले आणि सांगितलं की या वर्षी बी मिळणार नाही. बरणीत भेसळ झाली आणि उरलेलं मी रागाच्या भरात जाळलं. एक बाई संतापली, सोयाबीनची सोंगणी टाकून आले म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण मागून मावशी उठली. "भेसळ म्या केली. डबा रिकामा देववला नाही, म्हणून मूठभर टाकलं." मग ती संतापलेली बाईच म्हणाली, "बाप्पा, त्यात काय! म्या बी टाकलं असतं." आणि एकेक करून सगळ्याच म्हणाल्या, आम्ही बी टाकलं असतं. मावशी खाली मान घालून बसली. हसली नाही.

पुढच्या साली सत्तावीसातले बावीस उगवले. मी ते वावराच्या अगदी दुसऱ्या टोकाला लावले. एकही फूल मोकळं सोडलं नाही. पहिलं फळ चाखताना मालक बाजूला उभे होते, आणि मला चकती तोंडात घालवेना. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून घेऊन चावली. "गोड हाय," म्हणाले. मी तरी दुसरी कापून स्वतः चाखली. बावीसच्या बावीस गोड निघाले. या वेळी एक मूठ वेगळी काढली, एका वाळलेल्या तुंब्यात, आणि मग उरलेल्याची पाकिटं केली. चिठ्ठीवर दोन नव्या ओळी टाकल्या. एक, स्वतःपुरतं ठेवून बाकी लगेच दुसऱ्याला द्या. दुसरी, बी नेलेलं भांडं परत करताना त्यात दुसरं बी टाकू नका.

मावशीला पाकीट दिलं नाही. जुन्याच स्टीलच्या डब्यात भरून मी तिच्या घरी नेऊन दिलं. चिठ्ठी तिनं सुनेकडून वाचून घेतली. दुसरी ओळ पुन्हा वाचायला लावली.

आठ दिवसांनी ती डबा घेऊन आली. राखेनं घासून, उन्हात वाळवून लख्ख केला होता. मी अंगणात तूर पाखडत होते. ती माझ्यासमोर उभी राहिली, झाकण काढलं, डबा उपडा केला आणि बुडावर दोनदा थापटी मारली.

"पाहून घे बाई. काईच नाई."

मी डबा घेतला. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमच्या धुऱ्यावरून पहिल्यांदाच रिकामं भांडं आलं होतं, आणि ते मीच ओरडून मागितलं होतं.